मशीन दाराबाहेर पडण्याआधी

प्रिय चिमणे,

तुझं पत्र पोचलं. यंदा तुमच्या कारखान्याची वार्षिक सुट्टी चांगली लांबलचक आहे आणि ती माझ्याकडे येऊन घालवायची म्हणतेस. येऊ नकोस. इतक्या वर्षांत तुझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही आणि आज लिहायला बसले तर सुरुवात ही अशी. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, हे तुला आठवत असेल. का येऊ नकोस तेही सांगणार आहे, फक्त मला ते पहिल्यापासून सांगावं लागेल. नाहीतर तुला वाटेल, म्हातारी अजून राग धरून बसली आहे. राग आहेच. पण कारण ते नाही.

तुझी पत्रं सगळी वाचली. पहिलं वाचून फाडलं. पुढची फाडली नाहीत, पण उत्तरही लिहिलं नाही. तू शिवणखात्याची मुकादम झालीस, घर बांधलंस, गावातला रस्ता डांबरी झाला, दवाखाना आला, तुझा मुलगा शिकायला शहरात गेला, हे सगळं मला ठाऊक आहे. "ताई, आमच्या गावाला सुगीचे दिवस आलेत," असं लिहिलं होतंस. आणि प्रत्येक पत्राच्या तळाशी, "भाऊजींना सांग, त्यांची चिमणी आठवण काढते." कुठून सांगू भाऊजींना? आमचा कारखाना बंद पडला त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले. तू मेलेल्या माणसाला निरोप पाठवत राहिलीस आणि मी पाठवू दिलेस. आता कळलं ना, मी उत्तर का लिहीत नव्हते? एक वाक्य लिहिलं असतं तर ते हेच लिहावं लागलं असतं, आणि पुढचं वाक्य तुला सोसलं नसतं.

तुम्ही मुली आलात तेव्हा आमच्याकडे नुसता आनंदीआनंद होता. दोन्ही देशांचा करार झाला होता, सीमेवरचा कर उठला होता. मालकानं सगळ्यांना शेडमध्ये गोळा करून सांगितलं की आता आपले बूट तिकडे खपतील, तिकडचं चामडं इकडे स्वस्त येईल, दोघांचीही भरभराट होईल. भाषणानंतर सरबत मिळालं. लोकांनी दोन-दोन पेले रिचवले आणि टाळ्याही दोनदा वाजवल्या. काम इतकं वाढणार, की तिकडच्या काही मुली शिवण शिकून आपल्याला हातभार लावणार, असं तो म्हणाला होता. हातभार! राहायची सोय अपुरी पडली म्हणून तुमच्यातल्या चौघी घरोघर वाटल्या आणि तू माझ्या वाट्याला आलीस. दारात पिशवी ठेवलीस आणि बोलायला लागलीस, ती झोप लागेपर्यंत. तुमची भाषा आमच्यासारखीच, फक्त शब्दांच्या शेपट्या वेगळ्या, त्यामुळे सगळं कळत होतं हीच पंचाईत. भाऊजी म्हणाले, "ही बाई आहे की चिमणी?" नाव तेव्हापासूनचं.

तुझं तान्हं पोर तू आईकडे ठेवून आली होतीस. त्याचा फोटो उशीखाली ठेवायचीस आणि माझ्या मुलीला जवळ घेऊन झोपायचीस. ती तेव्हा चौदा वर्षांची शिंगं फुटलेली पोर, "मला कुशीत घेऊ नका, मी मोठी झालेय," असं ठणकावायची आणि सकाळी तुझ्याच पांघरुणात सापडायची. तू तिला पिल्लू म्हणायचीस. कारखान्यातल्या उरलेल्या तुकड्यांतून तू तिला पहिले उंच टाचेचे बूट शिवून दिलेस, एक तपकिरी आणि दुसरा जरा जास्तच तपकिरी. ते घालून ती घरभर टकटक करत फिरली आणि खालच्या मजल्यावरचा म्हातारा काठीनं छत ठोकत राहिला. तुझ्याकडून ती हट्टानं काय काय शिकली! आईनं सांगितलेलं तिला कधी पटलं नाही, चिमणीमावशीचं मात्र सगळं खरं.

कारखान्यात तुला माझ्या शेजारी बसवलं. बुटाच्या पुढच्या टोकाच्या वळणावर तू चामडं ओढायचीस आणि ते सुरकुत्या पडून बसायचं. मी म्हणायचे, "ओढू नको गं. त्याला वळायचंय हे त्याचं त्याला वाटू दे." तू हसायचीस, परत ओढायचीस. मग एका दुपारी तुझा हात अचानक मऊ झाला आणि बूट एखाद्या गालासारखा गुळगुळीत वळला. त्या दिवशी तुझ्यापेक्षा मला जास्त आनंद झाला होता, याचा मला पुढे फार संताप आला. आमच्या बायकांना तेव्हाच वास आला होता. टाचा ठोकणारी ती दणकट बाई आठवते? तिनं मला हात धुताना गाठलं. म्हणाली, "अर्धंच शिकव. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस." मी म्हटलं, "अगं, अर्धं शिकवायचं कसं, ते मला कुठे येतंय?" खरंच येत नव्हतं. शेवटचा टाका उलटा घेऊन दोऱ्याचं टोक आत कसं दडवायचं, हे माझ्या आईनं मला शिकवलेलं, तेही तुला दिलं. तू जाताना माझ्या गळ्यात पडून रडलीस. पिल्लू तर स्टेशनवर आलीच नाही, घरी दार लावून बसली.

पुढच्या वर्षी आम्हाला नेहमीपेक्षा मोठी सुट्टी मिळाली. पगारी. मालक उदार झाला म्हणून आम्ही खूश. तुझ्या भाऊजींनी त्या सुट्टीत स्वयंपाकघराला रंग दिला, पिवळा, मला न विचारता. सुट्टी संपल्यावर पहिल्या पाळीला गेलो तर भोंगा वाजला नाही. फाटक उघडंच होतं. आत शेड रिकामी. चिमणे, रिकामी म्हणजे कशी, ते तुला कसं सांगू? जमिनीतून नुसते बोल्ट वर आलेले. जिथे जिथे मशीन होतं तिथली फरशी जरा उजळ, बाजूनं तेलाची काळी कड. माझ्या जागेवर माझी उशी तेवढी पडली होती, बसायची. ती कुणाला नको होती. एका खोक्यावर उभा राहून एक कोवळा साहेब कर्ण्यातून वाचून दाखवत होता, की उत्पादन शेजारी देशात हलवण्यात आलं आहे आणि आमच्या दीर्घ सेवेबद्दल कंपनी आभारी आहे. भाऊजी पुढे गेले आणि म्हणाले, "मशीनं कुठायत? आधी मशीनं दाखवा, मग बोलू." तो म्हणाला, "ती गेली." मग आम्ही काय बोलणार? कशाच्या जोरावर बोलणार? ओरडलो, फाटकावर बसलो, पेपरवाले येऊन फोटो काढून गेले. रिकाम्या शेडची कुणाला पडलेली असते! पहारेकऱ्याला आधीपासून माहीत होतं. सुट्टीभर ट्रकमागून ट्रक त्यानंच बाहेर सोडले होते. "बोललो असतो तर नोकरी गेली असती," म्हणाला. नोकरी तर गेलीच. त्याच्याशी गावात कुणी बोलत नाही, अजून.

आणि माझ्याशीही बरेच दिवस कुणी बोलत नव्हतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं टाचवाली भर बाजारात म्हणाली. मी ऐकून घेतलं. घरात मात्र ऐकून घ्यावं लागलं नाही, तेच जास्त वाईट होतं. भाऊजी एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त तुझ्या पहिल्या पत्राचं पाकीट दिसलं तेव्हा म्हणाले, "तिची काय चूक? मालकानं दुसऱ्याच्या वहाणेनं विंचू मारला." आणि उठून गेले. सरकारनं बेकार झालेल्यांसाठी वर्ग काढला होता, नवं काहीतरी शिकायचा. जन्मभर चामडं कापलेला माणूस तिथे जाऊन एका बोटानं संगणकावर टाइप करायला शिकला. घरी येऊन सांगायचे, "आज मी 'महोदय' लिहिला." आम्ही हसायचो. ते हसणं मला अजून ऐकू येतं. काम काही मिळालं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं त्यांचं. बाहेरून आलेले बूट घालणार नाही म्हणाले, आपल्याच कारखान्याचा शेवटचा जोड घालून फिरायचे. तळ झिजला तेव्हा आतून पुठ्ठा लावला. हिवाळ्यात त्याच बुटांतून पाय भिजवून आले, ताप भरला, छातीत उतरला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणायला हवं होतं. भाऊजी म्हणाले होते, "साध्या तापाला काय डॉक्टर!" काम असतानाही ते असंच म्हणायचे, तेव्हा मी कारखान्यालाच सगळा दोष देत नाही. पण थोडा देते. थोडा तुलाही दिला, खोटं कशाला बोलू?

आता यावर कुणी म्हणेल, तुमच्या देशाची वाढ झालीच की. झाली ना! मी कुठे नाही म्हणते? चार-पाच वर्षांत बंदराकडून येणारा रस्ता रुंद झाला, त्याच्या कडेनं दुकानं आली, माझ्यापेक्षा उंच काचांची. बूट निम्म्या किमतीला मिळायला लागले; टाचवालीच्या तिन्ही नातवंडांना दरवर्षी नवा जोड. रेडिओवर वाढीचा आकडा सांगतात तेव्हा सांगणाऱ्याचा आवाजसुद्धा फुगतो. तुमच्याकडेही फुगत असेल. देश वाढला म्हणतात, तेव्हा मला आपलं वाटतं, हा देश नावाचा माणूस एकदा घरी यावा, त्याला समोर बसवून चहा द्यावा आणि विचारावं, बाबा रे, तू एवढा वाढलास, तर आमच्या घरातलं एक माणूस कमी कसं झालं?

मलाही त्या वाढीतच काम मिळालं. आमच्या त्याच शेडचं गोदाम झालं आहे. तुमच्याकडून बुटांची खोकी येतात, ती मी उघडते, जोड जुळवते, खराब निघालेला माल बाजूला काढते. पहिल्यांदा तुझा बूट हातात आला तेव्हा आतला उलटा टाका पाहून मी तो भिंतीवर फेकून मारला होता. मग पुढे कित्येक महिने मी तुझ्या शिवणीत खोट शोधली. मिळाली नाही. मिळाली असती तर रात्री झोप लागली असती. आता गेल्या वर्षापासूनचं सांगते, नीट ऐक. तुमच्या बुटांना पूर्वीपेक्षा बारीक दोरा येतो. टाके लांब पडतात. आतलं अस्तर कागदासारखं झालंय. हे तुझ्या हाताचं काम नाही, वरून आलेला हुकूम आहे, हे मला दिसतं. आमच्याकडेही शेवटच्या वर्षी असंच झालं होतं. मालक दोऱ्यात काटकसर करायला लागला, की त्याचं मन त्या जागेवरून उठलेलं असतं. तुझ्या पत्रात मात्र सगळं छान. सुट्टी मोठी आहे. पगारी आहे. लांबच्या कुठल्याशा देशातल्या मुली शिकायला आल्या आहेत, त्यातली एक तुझ्या घरी राहते, फार गोड आहे, वळणावर चामडं ओढते. ते वाचून मी कागद खाली ठेवला आणि खिडकीत जाऊन उभी राहिले. चिमणे, तुला एवढी अक्कल कशी नाही गं? पण मग आठवलं, मला तरी कुठे होती?

आता पिल्लाचं. प्रत्येक पत्रात विचारतेस, आणि तेच सांगायला मला सगळ्यात जड जातंय. पिल्लू हुशार निघाली. बुटांच्या त्याच कंपनीनं जुन्या कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या, पापक्षालन म्हणून असेल, आणि आमच्या पोरीनं ती मिळवली. बाप जाऊन वर्ष झालं नव्हतं. घेऊ नको म्हणायला माझ्याकडे दुसरं काय होतं? ती व्यापार शिकली. सुट्टीत आली की कप आणि बशा मांडून मला समजवायची. "आई, समज, आपल्याला कप चांगले जमतात, त्यांना बशा. आपण नुसते कप करायचे, त्यांनी नुसत्या बशा, आणि अदलाबदल करायची. दोघांकडे दोन्ही जास्त होतात. होतात की नाही?" मी म्हटलं, होतात. "आणि आपल्याकडे ज्याला बशीच करता येत होती, त्याचं काय?" ती म्हणाली, "तो दुसरं काही शिकतो." मग तिलाच काय आठवलं कुणास ठाऊक, कप विसळायला उठली. शिक्षण संपल्यावर त्याच कंपनीनं तिला राजधानीतल्या मोठ्या कचेरीत घेतलं. कुठला माल कुठल्या देशात बनवायचा, ते ठरवणाऱ्या खात्यात. ती वाईट नाही, चिमणे. माझ्यासाठी जीव टाकते. घाईत जेवते, झोपत नाही, डोळ्यांखाली काळं झालंय तिच्या.

गेल्या रविवारी आली होती. बटाटे सोलत बसलो होतो दोघी. मी सहज म्हटलं, "चिमणीमावशी येते म्हणतेय सुट्टीत. तू पण ये ना एक दिवस." तिचा हात थांबला. सोललेलाच बटाटा ती पुन्हा सोलायला लागली. मग म्हणाली, "आई, तिला येऊ दे. ती तेव्हा तिथे नसलेलीच बरी." मी विचारलं, "कधी तेव्हा?" मग सगळं बाहेर आलं. तिसऱ्या एका देशाशी नवा करार झालाय, तिथली मजुरी तुमच्याहून कमी, वीज स्वस्त, कर माफ. तुमची सुट्टी सुरू झाली की मशीनं निघणार. परत आलात की एक जण आभार मानणार. "कोण?" विचारलं, तर सालं गोळा करायला लागली. मी पुन्हा विचारलं. म्हणाली, "मी भाषा नीट बोलते म्हणून मला पाठवतायत." मी म्हटलं, "अगं, तुला तिनं पहिले बूट शिवून दिले." तर रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. "मी नाही गेले तर दुसरं कुणी जाईल, आई. आणि थांबणार आहे का काही? त्या तिसऱ्या देशातल्या बायकांना काम नको का? चिमणीमावशीला मिळालं तेव्हा तिच्या गावाचं भलंच झालं ना?" मी हातानं तिचं तोंड पुसलं. जाताना तिनं माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून घेतला. "कुणाला बोलणार नाहीस ना? बाहेर फुटलं तर सगळ्यांना कळेल माझ्याकडूनच फुटलं." मी हो म्हटलं. पोटच्या पोरीला, तिच्या डोक्यावर हात ठेवून, हो म्हटलं.

आणि आज तुला लिहिते आहे. म्हणून येऊ नकोस. कुणीच कुठे जाऊ नका. सुट्टी लागेल त्या सकाळी सगळ्यांना घेऊन फाटकावर बसा. आजाऱ्यांना आणा, पोराबाळांना आणा, तुझ्या घरी राहणाऱ्या त्या मुलीलाही आण, उद्या तिला उपयोगी पडेल. कारखाना वाचेल असं मी म्हणत नाही, तो जाणार. पण मशीनं आत आहेत तोवर कंपनीवाल्यांना तुमच्याशी बोलावं लागेल, तुमच्या डोळ्यांत बघून, खोक्यावर न चढता. आम्हाला तेवढंसुद्धा मिळालं नाही. तुला कुठून कळलं असं विचारतील. हे पत्र दाखवायचं की नाही, ते तू ठरव. दाखवलंस तर माझ्या पोरीची नोकरी जाईल आणि ती मला जन्मात क्षमा करणार नाही, हे मी जाणून लिहिते आहे. बातमी फुटली की ते तिलाच आधी पाठवतील, तुमची समजूत घालायला. लोक चिडलेले असतील. तिच्या अंगाला कुणाचा हात लागू देऊ नकोस. जेवली आहेस का, एवढं विचार. तिला आत घे. मशीन बाहेर सोडू नकोस.

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
ताई